ओझेलची अंत्ययात्रा

गिलाद हॉस्पिटलला मागचं दार नव्हतं. बांधलं तेव्हा होतं, पण पहिल्याच महिन्यात डॉक्टर मेब्रींच्या लक्षात आलं की पोटात सुरा खुपसलेला माणूससुद्धा वळसा घालून मागच्या दाराशीच जाऊन उभा राहतो. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या टॅलो बेंडमध्ये काळ्या माणसानं दुकानात जायचं, बँकेत जायचं, गोऱ्या डॉक्टरकडे जायचं, तर मागून. पायांना तीच सवय. डॉक्टर भडकले. "अरे, हे आपल्या लॉजनं, आपल्या काळ्या लोकांच्या मंडळानं, बांधलंय! इथं तरी पुढून या की लेकांनो!" म्हणाले, आणि गवंडी बोलावून ते दार विटांनी बुजवून टाकलं. तेव्हापासून बाळंतीण असो, मढं असो की स्वयंपाकाच्या खोपटातून येणारं पालेभाजीचं पातेलं असो, सगळं पुढच्या दारानं.

हेड नर्स अर्झेलिया प्रूइटला त्या भिंतीचा फार अभिमान. बाहेरगावचे पाहुणे आले की ऑपरेशनची खोली नंतर, आधी ती भिंत दाखवायची. एकोणीसशे अडतीसच्या सप्टेंबरात मात्र तिला ती भिंत नखांनी खरवडून पाडावीशी वाटली. कारण आत तिचा एकुलता एक पोरगा ओझेल पोटाला टाके घालून पडला होता आणि पुढच्या दारात बंदुका घेऊन पोलीस बसले होते.

झालं ते असं. कापसाच्या जिनावर, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीवर, टोलिव्हर नावाचा मळ्याचा गोरा मुकादम होता. म्हाताऱ्या प्राइमसकाकांचा कापूस ओला आहे म्हणून त्यानं गाडी परत लावली. काका एवढंच म्हणाले, "सकाळी तर कोरडा होता, साहेब." एवढ्यावरून टोलिव्हरनं खेचराच्या गाडीची साखळी ओढून काढली आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला झोडपायला लागला. साखळी डोक्यावर, कानावर, जमिनीवर पडल्यावर पाठीवर. भोवती चाळीस माणसं उभी होती, सगळी आपापल्या बुटांकडे बघत. ओझेल तिथं काट्यावर वजन करायचा. तेवीस वर्षांचा, आईसारखाच एककल्ली. त्यानं गाडीचं लाकडी दांडकं उचललं आणि टोलिव्हरच्या कवटीवर घातलं. टोलिव्हर पडला, पडल्या पडल्या त्यानं पिस्तूल काढून गोळी झाडली. ती ओझेलच्या बरगडीखाली घुसली. ओझेलनं दुसरा घाव घातला तेव्हा मुकादमाचा जबडा कानापासून सुटून लोंबायला लागला. मग दोघंही एकाच धुळीत पडून राहिले.

ओझेलला कापसाच्या गाडीतून आणलं तेव्हा खालचा पांढरा ढीग अर्धा लाल झाला होता. अर्झेलियानं किंकाळी फोडली नाही. तिनं हात धुतले आणि डॉक्टरांसमोर उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर प्रूइट, तुम्ही बाहेर जा. दुसरी कुणी येईल." ती म्हणाली, "तुमचा हात पुढे यायच्या आधी कोणतं हत्यार लागेल ते दुसऱ्या कुणाला कळत नाही. करा सुरू." दोन तास तिनं आपल्याच पोराची आतडी हातात धरून ठेवली. डॉक्टरांनी गोळी काढली, आतडं दोन ठिकाणी शिवलं, आणि शेवटी टोपी काढून म्हणाले, "जगेल. पडून राहू दिला तर जगेल."

पण पडून कोण राहू देतो!

शेरिफच्या हाताखालचा गोरा पोलीस, डेप्युटी हॅस्किन्स, चार माणसं घेऊन आला. दारात ब्रदर हेझकाया बसायचे. येणाऱ्या प्रत्येकाला "पाय पुसून या" म्हणायचं हे त्यांचं काम, आणि ते काम ते देवळातल्यासारखं करायचे. सवयीनं डेप्युटीलाही म्हणून गेले, "पाय पुसून या, साहेब." हॅस्किन्स थबकला. हसला. मग बंदुकीचा दस्ता उलटा करून त्यांच्या तोंडात हाणला. पुन्हा हाणला. ब्रदर हेझकाया खाली बसले तेव्हा हॅस्किन्सनं त्यांच्या सदऱ्याला आपले दोन्ही बूट नीट पुसले. "हे घे. पुसले." आणि सोबतची माणसं खो खो हसली.

ब्रदर हेझकायांचा ओठ शिवताना अर्झेलियानं त्यांच्या तोंडातून दाताचे तुकडे काढले. आधी ओझेलची आतडी, आता हे. तिच्या मनात एवढा संताप दाटला होता की हातातली सुई बाहेर जाऊन कुणाच्या डोळ्यात खुपसावी असं तिला वाटत होतं. पण टाके सरळ पडत होते.

पायरीवर बसून हॅस्किन्स आत ऐकू जाईल असा ओरडला, "टोलिव्हर जिवंत आहे तोवर मी कायद्याचा माणूस आहे हो, अर्झेलिया! तो गेला की मी जेवायला घरी जाईन. मग इथं कोण येतं, काय करतं, मला काय माहीत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर लूडी आली. ती गोऱ्यांच्या हॉस्पिटलात चादरी धुवायची. तिथं तिच्यासमोर कुणीही काहीही बोलायचं, टबासमोर बोलावं तसं. टोपली खाली ठेवून ती म्हणाली, "अगं, फेस येतोय टोलिव्हरच्या तोंडाला. पाद्रीबाबा येऊन गेले. संध्याकाळ बघत नाही तो. आणि अंगणात दोर आलाय, रॉकेलचे डबे आलेत. बायका सँडविच करतायत, जत्रेला निघाल्यासारख्या."

अर्झेलियानं डॉक्टरांना औषधांच्या खोलीत ओढलं. "टोलिव्हरच्या आधी ओझेल मरायला हवा."

"काय बोलताय?"

"मेला म्हणून सांगा. उकाडा आहे, मढं ठेवता येत नाही, आजच पुरायचं. लॉजची अंत्ययात्रा हे लोक अडवत नाहीत. नाल्याचा पूल ओलांडला की दफनभूमी. तिथं लॉजचा ट्रक उभा करा. रात्रीपर्यंत मेम्फिस."

डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. "पोटातले टाके ओले आहेत. खांद्यावरून हिंदकळत नेलं तर..."

"आणि इथं ठेवलं तर? जाळतील त्याला, डॉक्टर. जिवंत. आणि त्याच्याबरोबर या वॉर्डातल्या सगळ्या बाळंतिणी."

डॉक्टरांनी मॉर्फीन काढलं. जास्त द्यायची सोय नव्हती. एवढं रक्त गेलेला माणूस, श्वासच थांबायचा. ओझेलला समजावलं तेव्हा तो ओठांतल्या ओठांत हसला. "माय, मला मेलेलं दिसायला जमेल ना?"

"तुला शाळेत असताना सकाळी छान जमायचं," अर्झेलिया म्हणाली आणि त्याच्या तोंडावर चुलीतली राख मिसळलेलं पीठ चोळायला लागली.

डॉक्टर पायरीवर जाऊन उभे राहिले आणि ओझेल प्रूइट गेला असं सांगितलं. हॅस्किन्स उठला. "असं? बघू तरी." पाय न पुसता तो आत गेला. ओझेलच्या अंगावर चादर होती. हॅस्किन्सनं ती ओढली, पोटाची पट्टी बघितली, कानाशी वाकला. मग तोंडातला चिरूट काढून फुंकर घालून लाल केला आणि ओझेलच्या तळपायाला टेकवला. दाबला. कातडी करपल्याचा वास खोलीत पसरला. अर्झेलिया पलीकडच्या बाजूला उभी होती. ओझेलच्या पापणीकडे बघत ती मनात म्हणत होती, हलू नकोस, माझ्या राजा, हलू नकोस. पापणी हलली नाही. हॅस्किन्सनं दुसऱ्या तळव्यालाही तेच केलं, मग चिरूट पुन्हा तोंडात घातला.

"गेला खरा," तो म्हणाला, जरा हिरमुसून. "पोरांचा विरस होणार."

दुपारी अर्झेलियानं कप्पा उघडून लॉजचा बिल्ला काढला. गिलाद लॉजच्या प्रत्येकाकडे असा बिल्ला असायचा: छातीवर टाचायची रेशमी फीत, एक बाजू लाल आणि सोनेरी, मिरवणुकीसाठी, उलटली की काळी, मयतासाठी. पंचवीस वर्षं ती ही फीत उलटत आली होती. जिवंत माणसासाठी काळी बाजू पुढे केली तर मृत्यू त्याचं नाव ऐकतो, असं लॉजमधल्या म्हाताऱ्या सांगायच्या. अर्झेलिया त्यांची थट्टा करायची. बाळंतिणीच्या खाटेखाली कळा तोडायला कुऱ्हाड ठेवणाऱ्या बायकांना तिनं चांगलं फैलावर घेतलं होतं. "नर्सिंग शाळेत शिकलेय मी," म्हणायची, "मला नका सांगू."

आता फीत हातात होती आणि बोटं चालेनात. दोनदा उलटली, दोनदा परत केली. खरं ठाऊक होतं ते डॉक्टर, लूडी आणि खांदा देणारे सहा जण एवढ्यांनाच. त्यांनीही मनावर दगड ठेवून बिल्ले उलटे लावले होते. पण ओझेल त्यांचा मुलगा नव्हता. अर्झेलियानं लाल बाजू वर ठेवून बिल्ला टाचला आणि वरून काळी शाल घट्ट लपेटली. कोण बघतंय शालीखाली?

पेटीच्या तळाला भोकं पाडली होती. सहा जणांनी ती उचलली, पुढच्या दारानं बाहेर काढली, आणि मागे शे-दीडशे माणसं निघाली. बहुतेक खरोखरच रडत होती. सिस्टर लूडीनं गाणं उचललं. रस्त्यावरचे गोरे टोप्या काढून उभे राहिले. मेलेल्या काळ्या माणसाचा मान ठेवण्यात ते कधी कुचराई करत नसत. अर्झेलिया पेटीच्या अगदी मागून चालत होती. दर पावलाला पेटी थोडी डुचमळत होती. टाके धरतील का? आतडं धरेल का?

पुलाच्या तोंडाशी हॅस्किन्स गाडी आडवी लावून उभा होता. अडवण्यासाठी नव्हे, गंमत बघायला. तो बाजूला झाला. पेटी पुलावर चढली. नाल्यावरून वारा आला, साधा वारा, चिखलाचा वास घेऊन आलेला, आणि अर्झेलियाची शाल खांद्यावरून सरकली. तिनं ती लगेच ओढली. लगेच.

"थांब," हॅस्किन्स म्हणाला.

गाणं थांबलं.

"अर्झेलिया, इकडे ये. शाल काढ."

तिनं काढली. हॅस्किन्स टॅलो बेंडमध्येच लहानाचा मोठा झाला होता. लॉजच्या शंभर अंत्ययात्रा त्यानं बघितल्या होत्या. पोरवयात कुंपणावर बसून तो या फितींना हसायचा. त्यानं लाल रेशमावर बोट टेकवलं. "ही तर मिरवणुकीची बाजू. सगळ्यांची काळी, आणि आईची लाल?"

"घाईत झालं, साहेब. डोकं ठिकाणावर नाही माझं."

"असेल. असेलही." तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "उलट मग."

तिनं पिन काढली. बोटाला टोचली, रक्त आलं. फीत उलटली आणि काळी बाजू छातीवर टाचली. सगळ्यांदेखत तिनं ते केलं, आणि करताना तिचं मन आक्रोश करत होतं: ऐकू नकोस, त्याचं नाव ऐकू नकोस.

"आता कसं शोभतं," हॅस्किन्स म्हणाला. त्यानं पिस्तूल काढलं. "पेटी खाली ठेवा रे."

सहाही जण हलेनात. हॅस्किन्सनं सगळ्यात पुढच्याच्या गुडघ्यावर नळीनं फटका मारला. तो कळवळून वाकला आणि पेटी फळ्यांवर आदळली. डॉक्टर पुढे धावले. "डेप्युटी, मेलेल्या माणसाची विटंबना..." पुढचं वाक्य बाहेर पडायच्या आत दोघांनी त्यांना पाडलं. एकानं चष्म्यावर टाच दिली, चष्मा डोळ्यांवर असतानाच.

"मेलेल्याला काय दुखणार आहे?" हॅस्किन्स म्हणाला आणि पेटीच्या झाकणातून गोळी झाडली.

पहिल्या गोळीचा आवाज विरायच्या आत सिस्टर लूडीनं गळा काढला. गाणं नव्हे, नुसता टाहो. तिच्यामागे दुसरी, तिसरी, मग सगळ्याच बायका. ज्यांना काही ठाऊक नव्हतं त्याही, कारण मढ्यावर गोळ्या झाडलेल्या बघून कोण गप्प राहील? पेटीतून कण्हणं आलं असतं तरी त्या कल्लोळात देवालाही ऐकू गेलं नसतं. दुसरी गोळी. तिसरी. झाकणाच्या चिरफळ्या उडाल्या. अर्झेलियाला कुणीतरी दोन्ही दंडांना धरलं होतं. तिला पेटीवर झेप घ्यायची होती, हॅस्किन्सचा गळा दातांनी फाडायचा होता. पण ती झेपावली असती तर तो समजला असता, आणि मग या पुलावरून एकही माणूस घरी गेला नसता. ती जागेवर उभी राहिली आणि सगळ्यांबरोबर ओरडली.

चौथी गोळी झाडून हॅस्किन्स कान देऊन उभा राहिला. हातानं बायकांना गप्प केलं. पेटीतून काही आलं नाही. नाल्याच्या पाण्याचा तेवढा आवाज.

"चला," तो म्हणाला आणि पिस्तूल परत खोचलं. "पुरा त्याला. दोनदा मेलाय."

दफनभूमीत झाडांच्या आड ट्रक चालू ठेवलेला होता. बाकीच्यांना फाटकाबाहेरच थांबवून खांदेकऱ्यांनी झाकण उपटलं. ओझेलनं उजव्या हाताची मूठ जमेल तेवढी तोंडात कोंबली होती, आणि दात हाडापर्यंत रुतले होते. एक गोळी खांद्याला चाटून गेली होती, एक लाकडात अडकली होती, एक मांडीत. चौथी यकृतात. अर्झेलियानं हात घातला आणि तिला कळलं. अशी जखम तिनं कितीतरी वेळा बघितली होती. असा माणूस लगेच जात नाही. पाव तास जातो, आणि तो पाव तास किंचाळत जातो. पूल ओलांडला, चढ चढला, तोवर तो आत जागा होता, आणि हू की चू केलं नव्हतं त्यानं. मागे शे-दीडशे माणसं चालत होती ना.

डॉक्टरांचे डोळे काचांनी भरले होते. ते चाचपडत आले. "नाडी?"

"अंग गरम आहे अजून," अर्झेलिया म्हणाली. दुसरं काही म्हणणं तिला जमलं नाही.

ट्रक रिकामा परत गेला. खोट्या मयतासाठी खणलेल्या खड्ड्यात ओझेलला पुरलं.

संध्याकाळी टोलिव्हर मेला. दोर आणि रॉकेल घेऊन जमाव हॉस्पिटलवर आला तेव्हा हॅस्किन्स छाती काढून म्हणाला की काळा आधीच मेला, मीच पेटीत चार गोळ्या घातल्या.  मग कुणीतरी विचारलं, "म्हणजे तू मढ्याला गोळ्या घातल्यास?" आणि अख्खा जमाव त्याच्यावर हसला. हॉस्पिटलच्या खिडक्या फोडून, एका खाटेवरच्या म्हाताऱ्याचं डोकं फोडून ते निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून पोरंसुद्धा हॅस्किन्सला विचारायला लागली, आज कुणाच्या थडग्याला गोळी घालणार? त्या हसण्यानं तो माणूस आतून कुजला. दारू प्यायला, दोनदा बढती हुकली, पण ओझेलला आपणच मारलं हे त्याला कधी कळलं नाही. खरं ठाऊक असलेल्यांनी शपथ घेतली होती. एवढी एक गोष्ट त्याला द्यायची नाही.

पण शपथेचा भार गिलादवर पडला. गावोगावी बातमी गेली की हेड नर्सचा स्वतःचा पोरगा, स्वतः डॉक्टर मेब्रींच्या हाताखाली, ऑपरेशननंतर दगावला. खाटा रिकाम्या दिसू लागल्या. डॉक्टरांचा एक डोळा गेला होता, दुसऱ्यानं ते काम करत. लॉजच्या सभेत कुणी विचारलं की ते मान खाली घालून म्हणत, "हो. माझ्या हातून गेला." त्यांच्या हातानं शिवलेलं आतडं गोळ्या बसल्यावरसुद्धा जिथल्या तिथं होतं, हे अर्झेलियानं पेटीत बघितलं होतं. ते सांगायचीही सोय नव्हती.

कापसाचा हंगाम संपत आला तेव्हा विनोना नावाची एक तरुण बाई आली, अपेंडिक्स फुटायच्या बेतात. तापानं फणफणलेली, तरी ऑपरेशनला तयार होईना. तिनं अर्झेलियाचं मनगट धरलं. "खरं सांगा, सिस्टर. तुमचाच पोरगा इथं मेला ना? याच टेबलावर? मग मी कशी कापून घेऊ?"

वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या. त्यात हॅस्किन्सच्या घरी झाडलोट करणारी एक जण होती. अर्झेलियाच्या ओठांवर सगळं आलं: पूल, फीत, चार गोळ्या, तोंडात कोंबलेली मूठ. सांगितलं असतं तर ही पोर निर्धास्त टेबलावर चढली असती. आणि हॅस्किन्स रविवारी चर्चबाहेर मिरवला असता.

"हो," ती म्हणाली. "इथंच मेला. मी जवळच होते."

"आणि तरी तुम्ही इथं कामाला येता?"

"येते."

"या डॉक्टरांच्या हाताखाली?"

"त्यांच्याच."

विनोनानं बराच वेळ तिच्या तोंडाकडे टक लावून बघितलं. काय दिसलं तिला कुणास ठाऊक. तिचे डोळे भरून आले, तिनं मनगट सोडलं आणि पाठ टेकली.

"बरं मग," ती म्हणाली. "पण तुम्ही हात धरून ठेवा."

अर्झेलियानं तिचा हात धरला आणि डॉक्टरांना हाक मारली.